शंका पाप नव्हे

‘शंका आली म्हणजे विश्वास गेला’, हे आपल्या मंडळ्यांमध्ये इतक्या ठामपणे सांगितले जाते की ऐकणाऱ्याला ते शास्त्रवचनच वाटावे. आधाराला याकोबाचे पत्र असते. त्यात संशयी माणसाला समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. पण याकोबाचा रोख देव आणि जग या दोहोंत विभागलेल्या, द्विबुद्धीच्या माणसावर आहे; प्रश्न घेऊन देवापाशीच बसून राहणाऱ्यावर नाही. आणि त्याच नव्या करारात यहूदाचे पत्र संशयात पडलेल्यांवर दया करायला सांगते. ते वचन व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट पाहा. गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य पुनरुत्थित येशूला नमन करतात आणि तिथेच काहींना संशय वाटतो. येशू त्यांना बाजूला काढत नाही. सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा त्यांनाही मिळते.

पंडिता रमाबाईंचेच घ्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर त्यांनी तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून निकराचा वाद घातला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान डोलावणे त्यांना मान्य नव्हते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त गवसला, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. म्हणजे शेवटी शंका फिटल्याच ना, असे कुणी म्हणेल. पण त्या आठ वर्षांत त्यांना अविश्वासी ठरवून कुणी दार लावले असते तर? केडगावचे मुक्ती मिशन आणि मूळ भाषांवरून त्यांनी केलेला मराठी बायबलचा अनुवाद, हे सारे पुढचे आहे.

शंका असेल तर श्रद्धाच पोकळ, हा उलट बाजूचा आक्षेपही खरा नाही. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, त्यांतला अंतःकरणाचा दीर्घ अंधार जगाला कळला, तेव्हा काहींनी त्यांची श्रद्धा पोकळ ठरवली. पण देव जाणवत नसतानाही त्या रोज प्रार्थनेला बसल्या, रस्त्यावरच्या मरणाऱ्याला उचलत राहिल्या. जाणवल्यावर विश्वास ठेवणे सोपे आहे. चर्चने सारे माहीत असूनही २०१६ साली त्यांना संत घोषित केले.

पाळकांना एवढीच विनंती आहे: तरुण मुलगा पुनरुत्थानाविषयी प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या आईवडिलांकडे तक्रार नेऊ नका. त्याच्याबरोबर योहानाचा विसावा अध्याय उघडा, आणि थोमाला येशूने काय दाखवले ते त्यालाच वाचू द्या.