लॅब्रॅडॉर की कारवानी?

कुत्रा आणायचा म्हटला की घरात दोन पक्ष पडतात. मुलांना लॅब्रॅडॉर हवा असतो. वडिलांच्या अंगात स्वदेशी संचारते आणि ते कारवानीचे, म्हणजे मुधोळ हाउंडचे नाव काढतात. त्याचे २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये तो लष्कराच्या मेरठच्या केंद्रात शिकायला गेला. अभिमान वाटावा असेच आहे. पण अभिमानाला पहाटे फिरवून आणावे लागत नाही, कुत्र्याला लागते.

कारवानी जोपासला गेला तो माळावर उठलेला ससा नजरेने हेरून त्यामागे सुसाट धावण्यासाठी. घरच्या दोन-चार माणसांवर त्याचा जीव. परक्याचा हात अंगावर पडला की तो आक्रसतो. वाढदिवसाला जमलेल्या पोरांनी त्याला कुरवाळावे, ही अपेक्षाच चुकीची. पट्टा सुटला आणि समोर मांजर दिसले, तर तुमच्या हाका ऐकतो कोण!

लॅब्रॅडॉर नेमका उलट. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी अलगद आणून देणारा. माणसाची मर्जी हेच त्याचे सर्वस्व. चोरापुढेही शेपूट हलवील. मात्र कुलूपबंद घरात तो झुरतो. खादाड तर असा, की केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल आढळला. आजीला हे कोण सांगणार? ती पोळी टाकतच राहते.

बँक कर्ज देताना हौस नव्हे, ऐपत बघते. इथले हप्ते दहा-बारा वर्षांचे, आणि रोज वेळ देऊन फेडायचे. शेत किंवा कुंपणाचे मोठे आवार असेल तर कारवानी जरूर आणावा. फ्लॅटमध्ये दुपारी कोणी असेल तर लॅब्रॅडॉर. सगळेच सकाळी आठला बाहेर पडत असतील, तर दोन्ही नकोत. मुले रुसतील, पण संध्याकाळपर्यंतच.