भाकड हप्ता

आरे कॉलनीला कर्जाचं वावडं नाही. १९४९ साली मुंबई शहरातले तबेले गोरेगावच्या या टेकड्यांत हलवायला सुरुवात झाली. तेव्हापासून इथला मूळ धंदा दुधाचा, आणि म्हैस काही दर वेळी रोखीनं येत नाही. पण तबेलेवाला दावं हातात घेण्याआधी दोन गोष्टी मोजतो. दुधातून हप्ता सुटेल का, आणि म्हैस भाकड झाली की त्या महिन्यांत चारा आणि हप्ता कुठून काढायचा?

त्याच आरेतल्या पिकनिक पॉइंटला दुचाक्या लावून ऑर्डरची वाट पाहत बसणाऱ्या पोरांपैकी कुणाला विचारा, ‘कर्ज आहे का रे?’ ‘छे! फक्त फोनचा हप्ता आहे.’ यात लपवाछपवी काहीच नाही, त्याला ते कर्ज वाटतच नाही. समजा, फोन २४ हजारांचा आणि हप्ते दोन हजारांचे बारा; व्याज म्हणे शून्य. रोख मोजणाऱ्याला तोच फोन २२ हजारांना मिळतो. वर गेलेले दोन हजार नऊ टक्के वाटतात, पण मुद्दल महिन्याच्या महिन्याला फिटत असते, त्यामुळे खरा दर निघतो वर्षाला १६ टक्क्यांच्या वर. शून्य व्याज असं काही नसतं, ते प्रोसेसिंग फीच्या नावाखाली गिऱ्हाइकाकडूनच वसूल होतं, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना २०१३ सालीच बजावलं होतं. दुकानांच्या पाट्या अजून तशाच आहेत.

आपल्याकडे ‘सावकार’ म्हटलं की अंगावर काटा येतो. येण्याजोगा इतिहास आहे. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज उगाच जाळले नाहीत. आज मात्र राज्याच्या २०१४ च्या कायद्याखालच्या परवानाधारक सावकाराला बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरचं व्याज महिना तीन-साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला चाळिशीच्या घरात जातं. त्याला ग्राहक आयोगानं घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तरी सावकाराच्या ओट्यावर चढताना माणूस इकडेतिकडे बघतो, आणि कार्डाची लिमिट वाढल्याचा मेसेज मात्र मित्रांना दाखवतो.

उलट जे कर्ज घ्यावं, त्यालाच घर घाबरतं. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची हमी योजना आहे. हप्ते शिक्षण संपल्यावर, त्यातही साधारण वर्षभराची सवलत देऊन सुरू होतात. पण त्यासाठी बँकेत जावं लागतं, अर्जावर बापाची सही लागते, मॅनेजर चार प्रश्न विचारतो. घराच्या कागदांचीच मारामार असलेल्या पाड्यावरच्या किंवा झोपडीतल्या बापाला बँकेचं दारच परकं वाटतं, आणि ‘पोराच्या डोक्यावर आत्तापासून बोजा नको’ म्हणून तो मागे सरतो. फोनवरच्या ॲपचं कर्ज आधार आणि पॅनवर काही मिनिटांत मिळतं. बापाची सही नको, प्रश्न नकोत. पहिला हप्ता पुढच्याच महिन्यात.

म्हणून पोरं उधळी झाली ही ओरड आम्हाला पटत नाही. भीती आणि लाज दोन्ही शाबूत आहेत, फक्त भलत्या जागी बसली आहेत. दुसरा हप्ता चुकला की ही लाज जागी होते, आणि मग ती ॲपवाल्या सावकाराच्याच कामी येते. घरी कळू नये म्हणून पोरगा पहिलं कर्ज फेडायला दुसऱ्या ॲपकडून उचल घेतो. वसुलीवाल्याला त्याच्या मिळकतीपेक्षा त्याच्या आईचा नंबर जास्त मोलाचा असतो. म्हणूनच तर रिझर्व्ह बँकेनं २०२२ च्या नियमांत फोनमधल्या संपर्कयादीत हात घालायला ॲपना मनाई केली, वार्षिक दर आधी लेखी सांगायला लावला आणि ठरावीक दिवसांत कर्ज दंडाशिवाय परत करायची मुभाही दिली. बेकायदा ॲपविरुद्ध तक्रारीसाठी ‘सचेत’ हे पोर्टल आहे. एवढं सगळं आहे. पण जे कर्ज आईलाही सांगितलेलं नाही, त्याची तक्रार पोर्टलवर कोण करणार?