किल्ल्याला पाटी, बोलीला काय?

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील विद्यार्थ्याने बंदरांच्या वारशाविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण पाव, चावी, पगार, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द पैनगंगेच्या काठीही रोज वापरात आहेत. उत्तर कर्नाटकातील आमच्या कन्नड मित्रांनाही ‘पगार’ आणि ‘चावी’ परके वाटत नाहीत. तेव्हा हा प्रश्न केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचा नाही.

कोकणातील चौल हे फार जुने बंदर. हिंदू, मुसलमान, बेने इस्रायल आणि पुढे ख्रिस्ती अशा नाना लोकांची या परिसरात वस्ती होती. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्यास किल्ल्याचे काम सुरू केले आणि १५९४ मध्ये खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरी किल्ला निजामशाहीकडून जिंकला. त्या वेळी पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या मस्तकी होता. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे ही स्थिती राहिली. म्हणजे कोर्लई जिंकली गेली ती दुसऱ्या फिलिपच्या अमलात. याच फिलिपच्या नावावरून फिलिपिन्स बेटांना त्यांचे नाव मिळाले आहे.

१७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज सत्ता गेली, पण कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबांत एक बोली मागे राहिली. तिचे बहुतेक शब्द पोर्तुगीज, तर वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. तिला ते ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. ती बोलणारे आज हजाराच्या आसपासच आहेत. आपल्या सहली मात्र बुरूज आणि तोफा पाहून परत फिरतात.

परक्या सत्तेचे अवशेष जपायचे तरी कशाला, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आणणारी ती सत्ता काही सोज्वळ नव्हती. परंतु माझ्या मते किल्ला आणि बोली यांत मोठा फरक आहे. किल्ला राज्यकर्त्याच्या हुकमाने बांधला जातो. अशी बोली मात्र प्रजेच्या घराघरांत, चुलीपाशी घडते. कोर्लईची बोली कोणा व्हाइसरॉयने घडवली नाही. ती तेथील आयाबायांनी जगवली. सत्तेचा राग आपण त्यांच्या भाषेवर का काढावा?

फिलिपिन्समधील झांबोआंगा या बंदराचे उदाहरण पाहा. तेथे स्पॅनिशांनी १६३५ मध्ये किल्ला बांधला. शहरात ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत आणि अनेक भाषा आहेत. तेथील चाबाकानो ही बोली स्पॅनिश शब्दांची, पण घडणीने स्थानिक, आणि ती काही लाख लोक बोलतात. २०१२ मध्ये त्या देशाने पहिल्या इयत्ता मातृभाषेतून शिकवण्यासाठी ज्या बारा भाषा प्रथम निवडल्या, त्यांत चाबाकानो होती. पुढे २०२४ च्या कायद्याने ही सक्ती उठली, हेही खरे. तरीही शाळेचे दार त्या बोलीला एकदा उघडले, ही गोष्ट लहान नाही.

आता आपल्या घराकडे वळू. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे १९४३ मध्ये, निजामाच्या राजवटीत, मानवशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या प्रयत्नाने गोंड शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र निघाले. गोंडीची पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली. मराठी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी सरकारी नोकरीत असताना या लोकांची भाषा शिकून तिच्यावर लिहिले. ऐंशी वर्षांपूर्वी जे सुचले, ते आज आपल्याला का सुचू नये?

माझा एक कोलाम मित्र आहे. घरून फोन आला की तो वसतिगृहाच्या खोलीतून उठून बाहेर जातो आणि हळू आवाजात बोलतो. त्याला कोणी मनाई केलेली नाही. पण आपली बोली चारचौघांत बोलण्यासारखी नाही, हे त्याला कोठेतरी शिकवले गेले आहे. भाषा मरते ती अशी; तिला तोफा लागत नाहीत.

म्हणून संपादक मंडळाला व प्राध्यापकवर्गाला माझी एक विनंती आहे. या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी सुखाने नांदतात. पुढील वर्षापासून त्यांच्या जोडीला चार पाने गोंडी व कोलामीला द्यावीत. लिपी देवनागरी चालेल, तेलुगूही चालेल. आजीची एखादी गोष्ट, चार म्हणी, पेरणीच्या वेळचे शब्द, एवढ्यानेही सुरुवात होईल. पहिला मजकूर त्या मित्राकडून मिळवण्याची जबाबदारी मी घेतो.