पहिल्या चोवीस तासांची परीक्षा

बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन चिमुरड्यांवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. मध्य रेल्वेची वाहतूक कित्येक तास कोलमडली, दगडफेक झाली, लाठीमारही झाला. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली आणि शाळाच सुरक्षित नसतील, तर शिक्षणाच्या हक्काच्या गोष्टी करण्यात काय अर्थ, असा सवाल केला. पुढे आरोपीचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला आणि चर्चेचा सारा रोख त्या चकमकीकडे वळला. त्या गदारोळात मूळ प्रश्न मात्र मागे पडला. एखाद्या लहान मुलीने घरी येऊन काही सांगितल्यावर आणि ते शाळेच्या कानावर गेल्यावर शाळेने नेमके काय करायचे असते, हा तो प्रश्न होय.

बदलापूरच्या प्रकरणातील सर्वात अस्वस्थ करणारी बाब हीच होती. पालकांना गुन्हा नोंदविण्यासाठी पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास तिष्ठत राहावे लागले, असा आक्षेप पुढे आला आणि त्यावरून पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. परंतु पोलिसांच्या आधी शाळेची जबाबदारी होती. शाळेने माहिती मिळूनही ती पोलिसांना कळविली नाही, या आरोपावरून संस्थेचे पदाधिकारी आणि मुख्याध्यापिका यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. अनेक वाचकांना त्या वेळी प्रथमच कळले, की असे न कळविणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

वास्तविक हा कायदा नवा नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा 'पोक्सो', १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार, असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा घडण्याची ज्याला आशंका आहे, अशा प्रत्येक व्यक्तीने ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आधी शहानिशा करा, संस्थेची अंतर्गत समिती नेमा, विश्वस्तांची बैठक बोलवा, असे काहीही या कलमात म्हटलेले नाही. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड होऊ शकतो. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. दुसरीकडे, सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, असे संरक्षणही त्याच १९ व्या कलमात आहे. 'उगाच खोटे ठरलो तर काय', ही शिक्षकांची नेहमीची भीती कायद्याने बारा वर्षांहून अधिक काळापूर्वीच दूर केली आहे. ती मनातून गेलेली नाही, एवढेच.

सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आले. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी पोलिसांना कळविले नाही, या आरोपावरून त्यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदविला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. मात्र २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हा गंभीर गुन्हा असून, बहुतांश वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असा या निकालाचा आशय आहे. बदलापूरची घटना या निकालानंतर पावणेदोन वर्षांनी घडली.

मग कायदा, नियम, निकाल सारे असताना शाळा गप्प का बसतात? याचे उत्तर संस्थेच्या 'नावलौकिका'त दडलेले आहे. शहरांतील प्रवेशांची स्पर्धा, संस्थेची पन्नास-साठ वर्षांची परंपरा, माजी विद्यार्थ्यांचा अभिमान, विश्वस्तांचे राजकीय हितसंबंध, या साऱ्यांचे ओझे तक्रार घेऊन आलेल्या एकट्या पालकाच्या समोर उभे राहते. 'मुलीचेच नाव खराब होईल' हे वाक्य काळजीच्या सुरात उच्चारले जाते, पण त्यामागची खरी काळजी बहुधा शाळेच्या नावाची असते. वास्तविक पीडित बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. गुप्तता राखणे हा मुलाचा हक्क आहे. गुन्हा दडविण्यासाठी ती संस्थेला दिलेली सवलत नव्हे.

बदलापूरनंतर राज्य शासनाने तत्परतेने आदेश काढले. २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्यास, ठरावीक अंतराने त्यांचे चित्रण तपासण्यास, तक्रारपेटी ठेवण्यास, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करण्यास आणि अनुचित घटना चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळविण्यास सांगितले. 'सखी-सावित्री' समित्या स्थापन करण्याची आठवणही करून दिली. आठवण म्हणायचे, कारण या समित्यांचा आदेश २०२२ मध्येच निघाला होता. म्हणजे घटना घडली की आदेश निघतो, आदेश विस्मरणात जातो आणि पुढची घटना घडली की तोच आदेश नव्या तारखेने पुन्हा निघतो. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दोन निवृत्त न्यायमूर्ती, साधना जाधव व शालिनी फणसाळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. तिच्याकडून शिफारशी आल्या. प्रश्न शिफारशींचा नाही, त्या सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकावर पोहोचतात की नाही, याचा आहे.

सीसीटीव्हीवर आपण अंमळ जास्तच भिस्त ठेवतो. कॅमेरा व्हरांड्यात असतो. स्वच्छतागृहात तो असू शकत नाही आणि असूही नये. त्याने पुरावा मिळतो, क्वचित धाकही बसतो. पण तीन-चार वर्षांच्या मुलीला स्वच्छतागृहात कोण नेते, तेथे दुसरी व्यक्ती हजर असते का, शिशुवर्गाचा मजला आणि पुरुष कर्मचाऱ्यांची ये-जा वेगळी आहे का, याची उत्तरे कॅमेरा देत नाही. ती रोजच्या कामाच्या आखणीतून मिळतात. आणि आखणी करण्यासाठी पैसा नव्हे, लक्ष लागते.

केवळ महिला कर्मचारी नेमल्या की प्रश्न सुटला, हा समजही तितकाच भाबडा आहे. जुलै २०२५ मध्ये याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले, म्हणून मासिक पाळी कोणाला आली आहे हे पाहण्यासाठी मुलींना कपडे उतरविण्यास लावल्याचा प्रकार समोर आला. त्या प्रकरणी अटक झाली ती मुख्याध्यापिका आणि महिला कर्मचाऱ्याला. त्याच सुमारास मुंबईतील एका शाळेच्या शिक्षिकेला अल्पवयीन विद्यार्थ्याच्या लैंगिक शोषणाच्या आरोपावरून अटक झाली. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही, त्याचे कारण अशा प्रकरणांतून दिसते. शहापूरच्या प्रकाराला तर वासनेपेक्षा अधिकाराची मस्ती म्हणणे अधिक योग्य ठरेल. मूल आपल्या ताब्यात आहे, तेव्हा त्याच्या देहावरही आपलाच हुकूम चालतो, ही ती समजूत. छडी मारणारा हात आणि तो हुकूम यांचे मूळ एकच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांवर बंदी घातली, त्याला दीड दशक उलटून गेले. तरीही 'आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो' असे सांगणारे पालक आजही कमी नाहीत. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते. लैंगिक छळाचा एक ना एक प्रकार सोसल्याचे सांगणारी मुले ५३ टक्के होती आणि छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. ज्या मुलाला शाळेत मार खाऊन गप्प बसायला शिकविले जाते, ते मूल दुसऱ्या कोणत्या प्रसंगी तोंड उघडेल, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

चारित्र्य पडताळणीचेही असेच आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी शाळेतील प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो शिक्षक असो वा शिक्षकेतर, नियमित असो वा कंत्राटी, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करणे अनिवार्य केले. बदलापूरचा आरोपी कंत्राटी पद्धतीने आलेला होता आणि कामावर रुजू होऊन त्याला जेमतेम काही दिवस झाले होते. सफाई, सुरक्षा, बसवाहतूक ही कामे ठेकेदाराकडे गेल्यापासून शाळेत वावरणाऱ्या निम्म्या माणसांची नावेही मुख्याध्यापकांना ठाऊक नसतात. ठेका देता येतो, जबाबदारीचा ठेका देता येत नाही, हे संस्थाचालकांना कोणीतरी बजावायला हवे.

शिवाय पोलिसांचा दाखला म्हणजे सर्वस्व नव्हे. इंग्लंडमधील सोहॅम गावात ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. मारेकरी गावातल्याच माध्यमिक विद्यालयाचा रखवालदार होता. त्याच्याविरुद्ध यापूर्वी दुसऱ्या भागात लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी झाल्या होत्या. पण शिक्षा झालेली नव्हती आणि एका भागातील पोलिसांची माहिती नोकरी देणाऱ्या शाळेपर्यंत पोहोचली नाही. बिचर्ड चौकशी समितीने २००४ मध्ये या साऱ्या त्रुटी मांडल्या आणि २००६ मध्ये तेथे नवा कायदा झाला. आज तेथे मुलांच्या बाबतीत धोकादायक ठरलेल्या व्यक्तींची बंदी-यादी असते. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, तरी त्याची माहिती त्या यंत्रणेकडे पाठविणे शाळेवर बंधनकारक असते. प्रत्येक शाळेत बालसुरक्षेसाठी एक नेमलेला ज्येष्ठ शिक्षक असतो. गुन्ह्याच्या पायरीपर्यंत न पोहोचणाऱ्या, परंतु खटकणाऱ्या वर्तनाचीही नोंद ठेवली जावी, अशी अपेक्षा असते.

आपल्याकडे नेमकी हीच मधली जागा रिकामी आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती तपास यंत्रणांपुरती आहे. शाळेला ती पाहता येत नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींच्या १९८१ च्या नियमावलीत विद्यार्थ्याशी असभ्य वा अनैतिक वर्तन हे 'नैतिक अधःपतन' मानून चौकशीची तरतूद आहे. पण चौकशी लांबते, न्यायाधिकरणाच्या फेऱ्या होतात आणि संस्था सोपा मार्ग पत्करते. राजीनामा घ्यायचा, अनुभवाचा स्वच्छ दाखला द्यायचा आणि माणसाला निरोप द्यायचा. तो दाखला घेऊन तो माणूस दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू होतो. एका शाळेने वाचविलेली अब्रू दुसऱ्या शाळेतल्या मुलाला महागात पडते.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. लक्षावधी शिक्षक निष्ठेने शिकवितात. प्रत्येक स्पर्शाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तर पडलेल्या मुलाला उचलून घेतानाही शिक्षक कचरेल. शिशुवर्गात तर रडणाऱ्या पोराला जवळ घेतल्यावाचून दिवस सरत नाही. सूडबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीही अशक्य नाहीत आणि कायद्याने मोठ्यांच्या अशा खोडसाळपणाला शिक्षाही सांगितली आहे. परंतु स्पष्ट नियम हे प्रामाणिक शिक्षकाचेच चिलखत असते. विद्यार्थ्याशी खासगी मोबाइलवरून रात्री-अपरात्री संदेशांची देवाणघेवाण करायची नाही, एकट्या मुलाला बंद खोलीत थांबवायचे नाही, सहलीत मुक्कामाच्या खोल्यांचे नियम आधी ठरवायचे, काही वेगळे घडलेच तर त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी सांगायचे. एवढे लिहून ठेवले आणि सर्वांना सारखे लावले, की संशय माणसावर न जाता नियमभंगावर जातो.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेने एका ज्येष्ठ शिक्षकाचे नाव फलकावर लावावे. तक्रार त्याच्याकडे आली, की ती पोलिसांना कळविण्यासाठी त्याला विश्वस्तांच्या परवानगीची गरज असू नये. कानावर आलेली माहिती केव्हा आली आणि केव्हा पुढे गेली, याची वेळेसह नोंदवही असावी. मुलाला पुनःपुन्हा तेच विचारून बेजार करू नये. त्याचा जबाब घेणे हे प्रशिक्षित महिला पोलीस अधिकाऱ्याचे काम आहे, मुख्याध्यापकांच्या दालनातील उलटतपासणीचे नव्हे. अनुभवाचा दाखला देणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यावर चौकशी प्रलंबित होती का, हे लिहिणे शिक्षण विभागाने सक्तीचे करावे. आणि शाळा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने कॅमेरे मोजण्याआधी चौथीतल्या एखाद्या मुलाला विचारावे : तुला भीती वाटली तर तू कोणाला सांगशील? १०९८ हा क्रमांक कशाचा, ठाऊक आहे?

शाळा निवडताना आपण निकालाची टक्केवारी, मैदान, माध्यम आणि शुल्क यांची चौकशी करतो. यापुढे पालकसभेत एक प्रश्न अधिक विचारायला हवा. उद्या माझ्या मुलाने काही सांगितले, तर पहिल्या चोवीस तासांत ही शाळा काय करील? ज्या शाळेला याचे उत्तर लेखी देता येत नाही, तिचा नावलौकिक कितीही मोठा असला, तरी त्याचा तिच्यातल्या मुलांना काडीचा उपयोग नाही.