पुण्याला गेलं तरच कॉलेज?

बारावीचा निकाल लागला की सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात एक सल्ला फुकट मिळतो : "पोराला पुण्याला घाल. दहिवडीत काय ठेवलंय?" सल्ला देणारे बहुधा स्वतः पुण्या-मुंबईत स्थिरावलेले असतात आणि सुट्टीला गावी आले की तालुक्याच्या कॉलेजचा निकाल लावून परत जातात.

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला जायचं तर घर सोडावंच लागतं. चार नव्या लोकांत वावरलं की बुजरेपणाही जातो. पण हाच सल्ला बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.लाही सरसकट दिला जातो, आणि तिथं तो टिकत नाही. दहिवडी कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. पदवीवर नाव विद्यापीठाचं येतं, पेठेचं नाही. पुण्यात वरकड मिळतं ते कॉट बेसिसची जागा, मेसचा डबा आणि घरून दरमहा मागवावे लागणारे पैसे. २०१९ च्या दुष्काळी उन्हाळ्यात ज्यांची जनावरं चारा छावणीत होती, त्या घरांना हा हिशेब कुणी समजावून सांगायला नको.

तालुक्यातली पोरं तासाला न बसता पोलीस भरतीच्या सरावाला पळतात, असाही आक्षेप आहे. पळतात. पुण्यात नाव घालून अभ्यासिकेत बसणारी पोरं तरी तासाला कुठं असतात?

मुळात हा वाद जुना आहे. फर्ग्युसन १८८५ पासून उघडं होतं. वाट कुणी अडवली नव्हती, ऐपतीनं अडवली होती. म्हणून १९१९ साली रयत काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं आणि राबणाऱ्या हातांना 'कमवा आणि शिका'ची सोय दिली. कॉलेज पोराच्या दारापर्यंत गेलं पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. दहिवडीचं कॉलेज त्याच आग्रहाचं पुढचं पाऊल आहे, पुण्याची स्वस्त आवृत्ती नव्हे.

शिवाय आताचं पहिलं वर्ष पूर्वीसारखं सरळ राहिलेलं नाही. २०२४ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर कुठला, मायनर कुठला, क्रेडिट कसे जमवायचे, हे घरातल्या पहिल्या कॉलेजकुमाराला कोण सांगणार? बापाला नावानिशी ओळखणारा प्राध्यापक इथं सापडतो. शहरातल्या गर्दीत तो सापडेलच असं नाही.

आणि मुली? दहिवडीत कॉलेज नसतं तर त्या पुण्याला गेल्या असत्या, असं मानणाऱ्याला माणदेश कळलेलाच नाही. त्यांच्यापुढे पुणं की दहिवडी असा प्रश्न नसतोच. दहिवडी की लग्न, असा असतो.

नावं ठेवायचीच तर एसटीच्या पासाला ठेवा. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलीला मोफत पास आहे तो बारावीपर्यंत. पदवीच्या पहिल्या वर्षाला पाय ठेवला की पैसे मोजायचे. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतो, हे खरं. पण पोरीला पुढं शिकवायचं की उजवायचं यावर जिथं जूनमध्ये घरात खल चालू असतो, तिथं तेवढं निमित्तही पुरतं. मोफत पास पदवीपर्यंत न्यावा आणि प्रॅक्टिकल सुटल्यावर वाडीवस्तीपर्यंत जाणारी गाडी असावी, एवढ्या दोन मागण्या पुण्याच्या सल्लागारांनी पुढच्या सुट्टीत दहिवडी डेपोत जाऊन लेखी द्याव्यात.