कमी हिमाचा अधिक धोका

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडेबोडके पडले होते. महिनाअखेरीस हिमवर्षाव सुरू झाला आणि पर्यटन व्यावसायिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मात्र २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या उतारावर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. आदल्याच वर्षी, १ फेब्रुवारीला, अफरवाटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू असेच दगावले होते. अशा घटनांना निसर्गाचा कोप म्हणून मोकळे होणे सोयीचे असले, तरी ते खरे नव्हे.

हिम कमी म्हणजे धोका कमी, हा समज मुळातच चुकीचा आहे. हंगामाच्या आरंभीचा पातळ थर निरभ्र थंडीत तसाच पडून राहिला, की जमिनीलगतची ऊब आणि पृष्ठभागावरील गारठा यांतील तफावतीमुळे त्यातील बाष्प वर सरकते. हिमकणांचे जाड्या साखरेसारखे सुटे, कोनदार स्फटिक बनतात आणि ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यांच्यावर नवे हिम साचून वाऱ्याने दाबले गेले, म्हणजे वर घट्ट लादी आणि खाली भुसभुशीत पाया अशी अवस्था होते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भारानेही हा पाया ढासळतो, तडा क्षणार्धात दूरवर जातो आणि अख्खी लादी निसटते. अशा अपघातांतील बहुतेक बळींनी, किंवा त्यांच्या सोबत्यांनी, ती लादी स्वतःच मोकळी केलेली असते.

पूर्वी अफरवाटची उंची पायी गाठावी लागे. वाटेत हिमाची पारख होई. २००५ पासून गोंडोला प्रवाशांना तेथे अल्पावधीत नेऊन सोडते. उंची सुलभ झाली, ज्ञान मात्र तितके सुलभ झाले नाही. युरोपातील पाच पायऱ्यांच्या धोकामापनातही सर्वाधिक बळी तिसऱ्या पायरीवर जातात. पाचवीची भीती माणसाला घरी बसवते, तिसरी त्याला बाहेर पडू देते.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती जेमतेम १०-१५ मिनिटे असतात. तेवढ्यात बाहेरचे बचावपथक क्वचितच पोचते. म्हणूनच खरा बचाव उतारावर पाऊल टाकण्यापूर्वीच व्हावयास हवा. हिमाचे थर खणून तपासणाऱ्यांच्या शब्दावर उतार बंद झाले पाहिजेत. पर्यटकांच्या संख्येवर ते उघडे राहता कामा नयेत. पृष्ठभागाच्या शुभ्रतेवर विसंबणे हा निष्काळजीपणाच होय.