पेशीच्या दारावरची घंटा

मुलांनो, पाव कशामुळे फुगतो? बरोबर, यीस्टमुळे! यीस्ट म्हणजे एकाच पेशीची बुरशी. तिच्या पेशी दोन प्रकारच्या, 'ए' आणि 'अल्फा'. जोडी जमवायची असली की त्या एकमेकींना निरोप धाडतात. अल्फाचा निरोप म्हणजे १३ अमिनो आम्लांची चिमुकली साखळी.

पण बाहेर आलेला निरोप पेशीच्या आत कळणार कसा? त्यासाठी पेशीच्या पटलात एक प्रथिन बसलेलं असतं. त्याला म्हणतात 'ग्राही'. बाहेर बटण दाबलं की घरात घंटा वाजते ना, अगदी तसं! यीस्टचा हा ग्राही ४३१ अमिनो आम्लांचा. तो पटलातून सात वेळा आरपार जातो.

तुम्ही म्हणाल, यीस्टच्या घंटेशी आपल्याला काय करायचंय? अहो, याच घराण्यातले सुमारे ८०० ग्राही माणसातही आहेत! दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अशाच एका ग्राहीचं बटण दाबतं. बटणाचा आकार कळला, तर औषध नेमकं बनवता येतं.

आकार बघायची एक युक्ती म्हणजे 'एनएमआर'. शक्तिशाली चुंबकात रेणू ठेवायचे आणि रेडिओलहरी सोडायच्या. अणूंची केंद्रकं उत्तर देतात आणि कोण कोणाशेजारी आहे ते कळतं. दवाखान्यातलं एमआरआय याच तत्त्वावर चालतं. पण रेणू मोठा असला की सगळ्यांचा एकच गलका! शिवाय ग्राही पडला तेलकट, पाण्यात विरघळेल तर शपथ!

मग अमेरिकेतले फ्रेड नायडर, जेफ्री बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहीचा फक्त ८० अमिनो आम्लांचा तुकडा घेतला. त्यात पहिल्या दोनच फेऱ्या होत्या. तो बनवला जिवाणूंकडून. त्यांना खाऊ दिला तो नायट्रोजन-१५ आणि कार्बन-१३ घातलेला, कारण साधा कार्बन-१२ एनएमआरला उत्तरच देत नाही! तेलकट ताट साबणाने निघतं ना? तसा हा तुकडा साबणासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत ठेवला.

२००९ साली उत्तर छापून आलं. दोन्ही फेऱ्या स्प्रिंगसारख्या पिळलेल्या, एकमेकींना छेद देणाऱ्या आणि पेशीबाहेरच्या टोकाला फाकलेल्या होत्या. पहिली तर मधोमध लवचीकही होती!

पण खरा प्रश्न पुढेच आहे. उरलेल्या पाच फेऱ्या सोबत असताना त्या अशाच उभ्या राहतील का? ते एकटा तुकडा सांगू शकत नाही. २०२१ साली गोठवलेल्या नमुन्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काढलेली पूर्ण ग्राहीची रचना छापून आली. त्यात दोन ग्राही जोडीने उभे होते! म्हणून तुकडाही तपासायचा आणि पूर्ण वस्तूशी ताडूनही पाहायचा.

आता एक करून बघा. बारीक तार सात वेळा वर-खाली वाकवा आणि तिचा झुबका बनवा. मग पहिल्या दोन फेऱ्या कापून घ्या. सुट्या केल्यावर त्यांचं काय तसंच राहिलं आणि काय बदललं? घरच्यांनाही दाखवा बरं का!